अंगात येणारा देव: भगत, कायदा आणि पडदा

नवरात्रात अष्टमीच्या रात्री यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या बऱ्याच गावांत देवीची आरती संपता संपता एखाद्या बाईच्या अंगात येते. केस मोकळे सुटतात, ती घुमू लागते, कुणीतरी पुढे होऊन कपाळी कुंकू लावते. एरवी सासऱ्यापुढे पदर सावरत बोलणाऱ्या त्या बाईला सारे गाव 'माय' म्हणून हात जोडते. लोक विचारतात, पोरीचे लग्न कधी जमेल, बैल कुठे हरवला, पोराचे दारूचे व्यसन सुटेल का. थोड्या वेळाने सारे ओसरते. तिला पाणी देतात, घरी नेतात, आणि दुसऱ्या दिवशी ती सोयाबीन सोंगायला जाते.

या दृश्याकडे कार्यकर्ता ढोंग म्हणून पाहतो, डॉक्टर आजार म्हणून, मालिकेचा लेखक भीतीचा मसाला म्हणून. या विषयावर गेल्या चाळीसएक वर्षांत पुष्कळ लिहिले गेले, कायदा झाला, चित्रपट आले. हा सगळा पसारा दारव्ह्यासारख्या ठिकाणाहून पाहताना मला असे वाटते, की भक्ती, उपचार, कला आणि गुन्हा अशा निरनिराळ्या गोष्टींचे आपण एकच गाठोडे बांधले आहे. ते सोडून पाहिल्याशिवाय यातले काय जपायचे आणि काय थांबवायचे, हे ठरणार नाही.

गावातली माणसे स्वतः हा फरक चांगला जाणतात. देवाचे वारे येणे वेगळे आणि 'बाहेरचे' लागणे वेगळे. पहिल्याला मान आहे, वारवेळ आहे, ठाणे आहे. दुसरे कुणालाच नको असते आणि ते उतरवावे लागते. जॉन स्टॅन्ली या अभ्यासकाने महाराष्ट्रात खंडोबाच्या भक्तांमध्ये राहून नेमका हाच भेद मांडला. 'द एक्स्पीरियन्स ऑफ हिंदुइझम' या १९८८ च्या संग्रहात त्याचा लेख आहे. शहरातला सुशिक्षित माणूस मात्र दोन्हींना एकाच पारड्यात टाकतो, आणि तिथूनच गैरसमज सुरू होतात.

वऱ्हाडात या सगळ्याला गाण्याची मोठी जोड आहे. डहाका हे वाद्य आणि त्याच नावाची गाणी ही विदर्भाची स्वतःची ठेव. रात्र चढू लागली की गायक बसतात, वाद्य घुमू लागते, देवांची नावे आणि कथा एकामागून एक येतात आणि त्या तालावर भगताच्या अंगात देव खेळतो. ती गाणी म्हणजे कुठला देव कुठून आला, कुणाच्या घरी थांबला, कुणावर रुसला याचा तोंडी इतिहास असतो. शेजारच्या घाटंजी, केळापूर, झरी जामणी भागात कोलाम राहतात. महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी ही एक. फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४८ साली आदिलाबादच्या राजगोंडांवर ग्रंथ लिहिला. स्थानिक देवतांच्या पूजेसाठी गोंड लोक कोलामांना पुजारी म्हणून बोलावत, असे तो नोंदवतो. ज्यांच्याकडे जमीन आणि सत्ता होती, त्यांनी डोंगर-जंगलाच्या देवांशी बोलायचे काम जंगलातल्या जुन्या रहिवाशांकडे सोपवले होते. भगताच्या अधिकाराचे मूळ शोधायचे तर या जुन्या नात्यात शोधावे लागते. मेळघाटातल्या कोरकूंचा भूमका आणि पडियार हेही याच परंपरेतले. आमच्या तालुक्यात धामणगाव (देव) येथे मुंगसाजी महाराजांचे स्थान आहे, पलीकडे मानोरा तालुक्यात बंजारा समाजाची पोहरादेवी आहे. संतांची भक्ती आणि भगताचे ठाणे या दोन वेगळ्या वाटा, पण दुखणे घेऊन निघालेला माणूस दोन्हीकडे जातो. नंतर दवाखान्यातही जातो. त्याला यात विसंगती वाटत नाही.

आता बायकांबद्दल, कारण या विषयाचा गाभा मला तिथे दिसतो. व्हिएदा स्कुल्तान्स या अभ्यासिकेने फलटण येथील महानुभाव पंथाच्या देवस्थानात राहून पाहणी केली. तिचा लेख १९८७ साली 'मॅन' या नियतकालिकात आला. घरातल्या मनोरुग्ण माणसाला घेऊन आलेल्या बायका त्या देवळात राहत होत्या, आणि अंगात येत होते ते पुष्कळदा रुग्णाच्या नव्हे, या सांभाळणाऱ्या बायकांच्या. नवऱ्याचे, मुलाचे दुखणे आपल्यावर यावे, त्याने बरे व्हावे, अशी त्यामागची धारणा. दिवसभर रुग्णाचे करायचे आणि संध्याकाळी आरतीच्या वेळी त्याचे दुखणेही अंगावर घ्यायचे. हे वाचल्यावर मला 'ढोंग' हा शब्द वापरवत नाही. पुढे शुभा रंगनाथन यांनीही महानुभाव देवस्थानांत अभ्यास केला. अशा ठिकाणांकडे केवळ अंधश्रद्धेच्या चष्म्यातून पाहिले तर तिथे मिळणारा आसरा, सोबत आणि सहन करण्याचे बळ नजरेतून सुटते, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटते. बाईला रागावण्याची, रडण्याची, घरच्यांना चार शब्द सुनावण्याची जागा आपल्या घरांनी ठेवलेली नाही. देवीच्या तोंडून ती बोलली की नवराही मुकाट ऐकतो.

पण म्हणून ही व्यवस्था चांगली ठरत नाही. स्वतःच्या तोंडाने बोलण्याचा हक्क मिळाला असता, तर त्या बाईला देवीचा आधार घ्यावा लागला नसता.

जगात इतरत्र हा प्रश्न कसा हाताळला गेला, हे पाहायचे तर कोरियाचे उदाहरण सर्वात बोलके आहे. तिथली मुदांग ही आपल्या भगतासारखीच देव अंगात घेणारी, आणि बहुतेक वेळा बाईच. तिच्या विधीला 'कुत' म्हणतात. झांगू नावाचा ढोल वाजतो, मुदांग नाचते, एकामागून एक देव आणि पूर्वज तिच्या तोंडून बोलतात. देवाने निवडलेल्या व्यक्तीला आधी दीर्घ, न कळणारे दुखणे लागते आणि दीक्षा घेतल्यावरच ते सुटते, अशी तिथली समजूत. अमेरिकन मनोविकार संघटनेने १९९४ च्या आपल्या सूचीत हे दुखणे 'शिन-ब्युंग' या नावाने, त्या संस्कृतीशी बांधलेली अवस्था म्हणून नोंदवले. १९७० नंतरच्या 'सेमाउल' या ग्रामसुधार मोहिमेत पार्क चुंग-ही यांच्या सरकारने या प्रथांवर अंधश्रद्धा म्हणून घाव घातला. विधी बंद पाडले, देवस्थाने हटवली. पुढे त्याच देशाने त्यातल्या काही विधींना राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा मानले. किम कुम-ह्वा (१९३१–२०१९) या मुदांगला १९८५ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या विधीची अधिकृत वारसदार म्हणून मान्यता मिळाली. जेजू बेटावरचा एक कुत २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला.

लॉरेल केंडल या अमेरिकन अभ्यासिकेचे काम मला इथे सर्वात मोलाचे वाटते. ती सत्तरच्या दशकात कोरियातल्या एका खेड्यात राहिली, आणि तिथून पुढे अनेक वर्षे त्याच मुदांगांकडे जात राहिली. सुरुवातीला लोक मुख्यतः आजारपणासाठी कुत करून घेत. नव्वदच्या दशकात धंद्यातल्या चिंतेसाठी करून घेऊ लागले. १९९७ मध्ये आर्थिक संकट आले, छोटे दुकानदार आणि कारखानदार बुडाले, तेव्हा या चिंतेला धार चढली. तिच्या २००९ च्या पुस्तकात हे सविस्तर आले आहे. म्हणजे देश श्रीमंत झाला, शिकला, तरी मुदांगची गरज संपली नाही, फक्त प्रश्न बदलले. यवतमाळच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. कापसाचा भाव, बोंडअळी, पतसंस्थेचे कर्ज यांतले काहीच ज्याच्या हातात नाही, तो माणूस कुणाकडून तरी उत्तर मागणारच.

पडद्यावर तर कोरियात मुदांगचे दिवस पालटले आहेत. २०१६ चा 'द वेलिंग', २०२४ चा 'एक्झ्युमा' हे चित्रपट तुफान चालले. 'एक्झ्युमा'ची एक कोटीहून अधिक तिकिटे त्या देशातच खपली. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला 'के-पॉप डीमन हंटर्स' आपल्याकडच्या शाळकरी मुलींनीही मोबाइलवर पाहिला. त्यातल्या गायिका राक्षसांना पिटाळतात ती कल्पना थेट मुदांगच्या परंपरेतून घेतली आहे. मात्र हे आकर्षण फार भाबडेपणाने घेऊ नये. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात यून सुक-यॉल या उमेदवाराच्या तळहातावर 'राजा' या अर्थाचे चिनी अक्षर दूरचित्रवाणीच्या चर्चेत दिसले आणि ते कुणाच्या सल्ल्याने निर्णय घेतात यावर देशभर गदारोळ झाला. पुढच्या वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले. वारसा म्हणून मान देणे आणि सत्तेच्या कानाशी भविष्य सांगणारा बसवणे यांतली रेष तिथेही पुसट आहे.

आपल्याकडे वाट वेगळी गेली. महाराष्ट्रात देव-देवस्कीला विरोध सरकारने सुरू केला नाही. तो संतांनी केला, आणि तोही बऱ्याच अंशी याच वऱ्हाडच्या मातीतून. शेंडगावचे गाडगेबाबा खराटा घेऊन गावोगाव फिरले, नवस-बळी आणि अंगात येण्यावर कीर्तनात प्रश्नांची सरबत्ती करत. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गावाच्या आरोग्याची आणि विवेकाची बाजू लावून धरली. पुढे १९८२ मध्ये श्याम मानव यांनी नागपुरात अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती. कायद्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला.

या कायद्यात नेमके काय आहे, हे फार थोड्यांनी वाचले आहे. भगत म्हणतात, आमचा देव बंद केला. काही कार्यकर्ते बोलतात जणू अंगात येणे हाच गुन्हा. दोन्ही चूक आहे. अनुसूचीत बारा बाबी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने-साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करत बसणे हा गुन्हा आहे. एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणे हा गुन्हा आहे. अंगात अतींद्रिय शक्ती संचारल्याचे भासवून लोकांना घाबरवणे, किंवा 'माझे ऐकले नाही तर वाईट होईल' अशी धमकी देणे हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना कायदा हात लावत नाही. अष्टमीच्या रात्री घुमणारी बाई या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिच्या नावावर लोकांकडून पैसे आणि भीती उकळणारा येतो. ही रेष मला योग्य ठिकाणी ओढलेली वाटते.

ती ओढावी का लागली, हे यवतमाळ जिल्ह्याला विसरता येणार नाही. २०१२ मध्ये घाटंजी तालुक्यातल्या चोरंबा गावात सात वर्षांच्या मुलीचा नरबळी दिला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे करणीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि बायकांना भर चौकात खांबाला बांधून मारले. मे २०२४ मध्ये गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एक बाई आणि एक पुरुष यांना जाळून मारले. मेळघाटात आजारी बाळाच्या पोटाला तापलेल्या विळ्याने डागण्याची प्रथा, 'डंबा', अजून पुरती संपलेली नाही. या घटना 'संस्कृती' या शब्दाआड लपवता येत नाहीत. आणि मार कुणाच्या वाट्याला येतो ते पाहा: विधवा, म्हातारी, दलित, एकटा माणूस. गाव ज्यांना आधीच नको असते त्यांच्यावरच बोट ठेवले जाते. देव अंगात आलेल्या माणसाच्या हातात सर्वात घातक सत्ता असते ती नाव घेण्याची.

कायद्याची अंमलबजावणी मात्र गरिबांच्या दाराशीच जास्त दिसते. गावातला भगत सापडतो, मोठा दरबार भरवणारा सुटतो. जानेवारी २०२३ मध्ये नागपुरात बागेश्वर धामच्या धीरेंद्र शास्त्रींचा दरबार झाला. श्याम मानव यांनी मनातले ओळखून दाखवण्याचे आव्हान देऊन ३० लाखांचे बक्षीस लावले, तक्रारही केली. पोलिसांनी चित्रफिती तपासून गुन्हा होत नाही, असे सांगितले. कायदेशीर बाजू काहीही असो, लाखोंच्या मांडवातली आणि वाहिन्यांवरची, मनातले चिठ्ठीवर लिहून दाखवणारी 'पर्ची' खेड्यातल्या लिंबू-उताऱ्यापेक्षा कैक पट पसरते, हे उघड आहे.

डॉक्टरांची बाजू काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगसूचीत अंगात येण्याचा विकार नोंदवला आहे, पण तिथेच स्पष्ट केले आहे की ही अवस्था नकोशी, अनावर आणि धर्म-संस्कृतीने मान्य केलेल्या प्रसंगांबाहेरची असेल तरच तो विकार. म्हणजे वैद्यकशास्त्राने गावाचाच भेद मान्य केला. २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये डॉ. रघुराम आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला. तमिळनाडूतल्या एका छोट्या देवळात काही आठवडे राहिलेल्या मनोरुग्णांच्या लक्षणांत सुमारे वीस टक्के घट त्यांना आढळली. तिथे कसलाही खास विधी नव्हता. शांत जागा, घरचे माणूस सोबत, हलकी कामे. मात्र असे प्रत्येक ठिकाणी घडत नाही. त्याच तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, आणि साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळता आले नाही. २८ जण गेले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर होळीला 'बाहेरचे' उतरवण्यासाठी नारळांची होळी पेटते आणि राज्यभरातून लोक येतात. तिथे जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला त्याच आवारात मानसोपचार मिळावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली आहे, पण साखळी सोडल्यावर त्याला कुठे न्यायचे, हा प्रश्न घरच्यांपुढे उरतो. दारव्ह्याच्या माणसाला शासकीय मानसोपचारासाठी चाळीसएक किलोमीटरवर यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात जावे लागते, त्याहून गंभीर असेल तर नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात. भगत मात्र गावातच असतो, रात्री दोनला दार उघडतो आणि संपूर्ण हकीकत ऐकून घेतो.

पर्याय उभा राहू शकतो, याचा पुरावा शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. 'विश्राम' प्रकल्पात ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्यावर प्राथमिक समुपदेशन सुरू केले. आधी नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोक कुठे मदत घेत होते. दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. 'लॅन्सेट सायकियाट्री'ने २०१७ मध्ये हे प्रसिद्ध केले. शासनाचा मानसिक आरोग्याचा 'प्रेरणा' प्रकल्प २०१५ पासून शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत आहे, त्यात यवतमाळही आहे. मेळघाटात आरोग्य खात्याने भूमकांनाच सोबत घेऊन रुग्ण दवाखान्यात आणण्याचे प्रयत्न केले. हा मार्ग मला सर्वात शहाणपणाचा वाटतो. ज्याच्यावर गावाचा विश्वास आहे त्याने 'आधी डॉक्टर' म्हटले, तर शंभर फलकांहून जास्त काम होते.

आपल्या पडद्यावर या माणसांचे काय झाले? गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा जब्बार पटेलांचा 'जैत रे जैत' (१९७७) आजही एकटा उभा आहे. ठाकरांच्या वस्तीतल्या भगताच्या मुलाकडे, त्याच्या ढोलाकडे, देवाशी असलेल्या त्याच्या भांडणाकडे त्यात माणूस म्हणून पाहिले आहे. राजीव पाटलांच्या 'जोगवा'ने (२००९) देवाला वाहिलेल्या जोगत्या-जोगतिणींचे हाल दाखवले. उमेश कुलकर्णींच्या 'देऊळ'ने (२०११) दृष्टान्ताचा बाजार कसा मांडला जातो ते दाखवले. यांखेरीज बहुतांश मराठी मालिका-चित्रपटांत मांत्रिक म्हणजे कवटी, काळी दाढी आणि धूर. वऱ्हाडातला भगत, डहाका गाणारा म्हातारा, अष्टमीला घुमणारी बाई यांच्यावर एकही लक्षात राहणारा चित्रपट नाही. शेजारच्या कर्नाटकात 'कांतारा' (२०२२) आला, तुळुनाडूतला दैवनर्तक देशभर पोहोचला आणि राज्य सरकारने साठीपुढच्या दैवनर्तकांना महिना २००० रुपये मानधन जाहीर केले. चित्रपटानंतर लोक थिएटरात नर्तकाची नक्कल करू लागले, त्याचा त्या समाजाला त्रासही झाला. तरी त्या माणसांची दखल घेतली गेली. आपल्याकडे ती जागा आता मोबाइलने घेतली आहे. अंगात आल्याच्या चित्रफितींना लाखो प्रेक्षक मिळतात, खाली 'समस्येचे निवारण' करणाऱ्याचा नंबर असतो, पैसे ऑनलाइन घेतले जातात. गावचा भगत निदान गावाला जबाबदार होता. या नंबरामागच्या माणसाला चेहराही नाही. सायबर पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायदा अशा जाहिरातींना लावायला हवा, आणि तो लावता येतो.

माझा कौल सांगतो. नाव घेणारा, बांधणारा, डागणारा, दवाखान्याची वाट अडवणारा यांना कायद्याने धरावे, त्यात दयामाया नको. देवीपुढे घुमणाऱ्या बाईला कुणी ढोंगी म्हणू नये आणि कुणी देवीही करू नये. तिच्या घरात काय चालले आहे, हे आशाताईंनी, शिक्षिकांनी, बचत गटातल्या मैत्रिणींनी विचारावे. दारव्हा, दिग्रस, पुसदच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांना कळकळीची विनंती आहे: डहाका गाणारी पिढी आता थकली आहे, विद्यार्थ्यांना हातातल्याच मोबाइलवर ती गाणी, वाद्याचा ताल आणि गाणाऱ्यांची हकीकत नोंदवायला लावा. आणि ज्यांच्या घरात कुणाला झोप लागत नाही, कुणी आपल्याशीच बोलते, कुणी मरणाची भाषा करते, त्यांनी भगताकडे जायचे तर जावे, पण त्याच दिवशी १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोनही करावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, आणि पलीकडून मराठीत बोलतात.